हार्ड डिस्कचं कव्हर

आमच्या उमरीच्या घरी हार्ड डिस्क जोडली की थोड्या वेळात कॉम्प्युटर हँग व्हायचा. वायर बदलली, फॉरमॅट मारला, शेवटी डिस्क आणि कॉम्प्युटर दोन्ही पिशवीत घालून बसनं नांदेडला नेलं. दुकानात सगळं निमूट चाललं. घरी आणलं की परत तेच.

वैतागून डिस्कला हात लावला तर तव्यासारखी तापलेली. टीव्ही, फ्रिज, मिक्सरसारखं आईनं तिलाही जाड कापडाचं कव्हर शिवलं होतं. नांदेडला जाताना तेवढं घरी राहिलं होतं.

मी कव्हर काढलं. "धूळ लई बसती रे," म्हणत आईनं परत घातलं. अगं, हवा लागत नाही म्हणून तापते ती, मी म्हटलं. तेव्हा तिनं कव्हरला खिडकी ठेवली.

आज बघतो तर खिडकीला पडदा.