तलावाच्या गाभ्यातली माती

दुष्काळात आमच्या गावच्या तलावाचं काम मजुरांच्या सोसायटीनं घेतलं होतं. सासूबाई आणि मी तिथं माती वाहायचो. एकदा बांधाच्या गाभ्यात, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मधल्या थरात, भरायला भुसभुशीत माती आली. सासूबाईंनी चिमूटभर भिजवून वळली, तर तिचे तुकडेच पडले. मग त्यांनी नदीकाठची काळी चिकणमाती आणली, तिची वात करून बोटाला गुंडाळली आणि कामावरच्या इंजिनिअरना दाखवली.

"सायेब, ही तुटत न्हाई. हीच पाणी धरंल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"चुली घालू घालू म्हातारी झाले की."

साहेबांनी स्वतः दोन्ही मातींची वात करून पाहिली, आलेली माती परत पाठवली आणि गाभ्यात काळी माती भरायला लावली. पुढं पावसाळ्यात तलाव भरला आणि उन्हाळाभर विहिरींना पाणी राहिलं. सासूबाईंना शिकवणाऱ्या त्या मातीची आणि मजूर बाईचं ऐकणाऱ्या त्या माणसाची मी ऋणी आहे.