सरांच्या खात्यावरून

"लेबलं लावण्यात कसलं आलंय लेखकपण?" सर म्हणाले. "आणि लावायचं तरी कोणतं नाव? आडनाव तर तुम्ही कधी सांगतच नाही."

मीटिंगरूममधले सगळे हसले. शेजारचा हळूच म्हणाला, "इथं कोटा नसतो." मी लॅपटॉपकडे पाहत राहिले. हातातला चहाचा कप खाली ठेवायचंही सुचेना.

मी मागितलं होतं ते एवढंच. दुरुस्त्यांखाली सहलेखक म्हणून माझं नाव. एक ओळ.

आकडेमोडीची एक कोड-लायब्ररी आहे. कुणीही वापरावी, कुणीही सुधारावी अशी. तिच्यातल्या प्रत्येक फंक्शनवर लेबलासारखा टाइप लिहिलेला असतो: आत काय द्यायचं, बाहेर काय मिळेल. कित्येक ठिकाणी तो चुकीचा होता. लिहिलंय पूर्णांक, बाहेर येतो दशांश. लिहिलंय एक संख्या, हातात पडते अख्खी रांग. लिहिलेल्यावर विश्वास ठेवणारा फसतो. पावसाळाभर मी एकेक फंक्शन चालवून पाहिलं आणि खरं काय ते लिहिलं. फार जीव लावला होता त्या कामाला.

आमच्या ऑफिसची रीत अशी की बाहेर जाणारं सगळं आमच्या टीम लीडरच्या, म्हणजे सरांच्या खात्यावरून जातं. माझ्या दुरुस्त्यांचा एक गठ्ठा झाला आणि वर सरांचं नाव आलं.

आडनाव मी सांगत नाही, हे खरं. ते बाबांनी शिकवलं. बाबा वर्ध्याकडे शाळेत शिपाई. मला पुण्याला सोडायला आले तेव्हा विश्रांतवाडीत आम्ही खोली शोधत फिरलो. आडनाव ऐकलं की घरमालक "खोली गेली हो" म्हणायचे. शेवटच्या दाराशी बाबा म्हणाले, "बापाच्या नावापर्यंतच सांग माय. पुढचं नको सांगू." खोली मिळाली.

त्याच बाबांना मी सांगून बसले होते की माझं नाव साऱ्या जगाला दिसेल. त्यांनी शाळेतल्या मास्तरांच्या मोबाइलवर लायब्ररीचं ते पान उघडून घेतलं. संध्याकाळी फोन आला. "तुयं नाव नाई दिसलं. मास्तरले म्हणलं, नीट पाहा." मग म्हणाले, "जाऊ दे नं माय. काम त तुयंच हाय."

सरांच्या बोलण्यानं मी रडले नव्हते. या वाक्यानं रडले. जन्मभर ते असंच जाऊ देत आले होते. आता माझ्या वाट्याचंही जाऊ देत होते.

पुढच्या आठवड्यात लायब्ररी सांभाळणाऱ्यांनी एका दुरुस्तीवर विचारलं: हा टाइप का बदलला? सरांनी प्रश्न माझ्याकडे ढकलला. "उत्तर लिहून द्या. मी टाकतो."

मी उत्तर लिहिलं. मग स्वतःचं खातं उघडलं. नावाच्या जागी माझं नाव, बाबांचं नाव आणि आडनाव घातलं. ही दुरुस्ती मी केली आहे, हे पहिलंच वाक्य. भर दुपारी, सगळे बसलेले असताना पाठवलं.

"कुणाला विचारून?" सर म्हणाले.

"कुणालाच नाही."

मला त्या कामावरून काढलं. डबा खाताना शेजारी कुणी बसत नाही. बाबांना सांगितलं तर ते घाबरले. "आडनाव कायले टाकलं माय? खोली जाईन नं." शाबासकी मिळेल असं मला वाटलं होतं.

पण नाव मी काढणार नाही. खोली गेली तर दुसरी शोधेन, आणि दारात पूर्ण नाव सांगूनच शोधेन. लायब्ररीतल्या उरलेल्या चुका आता ऑफिस सुटल्यावर, माझ्या खात्यावरून दुरुस्त होताहेत. कुणाला ते नाव खोडायचं असेल तर त्यानं सगळ्यांदेखत खोडावं. माझ्या हातानं ते पुन्हा खोडलं जाणार नाही.