कपाटातली आधारकार्डं

जेऊर स्टेशनात गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, माझ्या हातात दशम्यांचं गाठोडं दिलं, पाण्याची बाटली दिली आणि माझ्या कृषी पदविकेच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स दिली. मूळ प्रमाणपत्र कुठंय, मी विचारलं. आप्पा म्हणाले, "ते हितं पेटीत ऱ्हाऊ दे. म्हंजी तुला परत यावं लागंल." गाडी सुटली आणि मी झेरॉक्स घेऊन सोलापूरला आले.

जेऊरला राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं तिथून निघालेल्यांनो, झेरॉक्सवर कुणी नोकरी देत नाही. प्रत्येक मुलाखतीला मूळ कागद मागायचे. मग मी जेऊरला जायचे, आप्पा पेटी उघडायचे आणि परत कधी आणून देणार ते आधी विचारायचे. शेवटी कंटाळून मी लोकांच्या बंगल्यात बागा लावून द्यायला लागले. गुलाबाला प्रमाणपत्र दाखवावं लागत नाही.

आता माझ्याकडे तिघं जण कामाला आहेत. सांगोल्याकडची सोनाबाई त्यात सगळ्यात जुनी. तिचं आधारकार्ड एकदा शेणखताच्या पोत्यात सापडलं. तेव्हापासून तिघांचेही कागद मी माझ्या कपाटात ठेवायला लागले. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. हे मी मायेनंच केलं, आणि जो भेटेल त्याला हाच शहाणपणा शिकवत सुटले.

यंदा एका कंपनीच्या आवारातल्या बागेचं काम मिळायचा योग आला. मिळालं तर तिघांनाही बारा महिने काम. पण आधी एक लांबलचक फॉर्म आला: तुमच्याकडे आणि तुम्हाला रोपं पुरवणाऱ्यांकडे वेठबिगारी नाही, याची खात्री द्या. मला हसूच आलं. माझ्या धंद्यात वेठीला धरलेलं माणूस एकच, ती मी. 'कामगारांची ओळखपत्रं कोणाकडे असतात?' या प्रश्नापुढे मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'माझ्याकडे, कुलपात, अगदी सुरक्षित.'

मग फॉर्म घेऊन मंद्रूपला गेले. तिथल्या शिवप्पांच्या नर्सरीतून मी रोपं घेते. माणसं हवं तेव्हा जाऊ शकतात का, मजुरी हातात मिळते का, सगळी उत्तरं झकास आली. कागदांचं विचारलं तसा शिवप्पांनी खाटेखालून बिस्किटांचा डबा ओढला. आत सहा आधारकार्डं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खूण कुठं करायची म्हणून फॉर्मच्या मागच्या सूचना मोठ्यानं वाचायला लागले. कामगाराचे कागद मालकाने अडकवून ठेवणे हे वेठबिगारीचे लक्षण समजावे, असं तिथं छापलं होतं. वाचता वाचता माझा आवाज बारीक होत गेला.

"अक्का, तुमीच सांगितलं की," शिवप्पा म्हणाले. "मी नुसता डबा आणला."

टेम्पोत बसून सोलापूरला परत आले. आल्याबरोबर सोनाबाईला विचारलं, कागद माझ्याकडं आहेत त्याचा तुला कधी त्रास झाला का? ती तण उपटत होती. त्रास कसला, म्हणाली. चार रोपं पुढं सरकली आणि मग बोलली.

"नातीचं बारसं व्हतं. कागद मालकिणीकडं म्हटल्यावर न इचारता कसं जायचं? तुमी लग्नाला गेला व्हता. लगीनघरात फोन करून कुटं तरास द्यायचा. ऱ्हायलं मग."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून जास्तच लागलं. तिनं विचारलं असतं तर मी तिला लगेच पाठवलं असतं. पण विचारायला लागणं म्हणजे काय, हे मला जेऊरच्या पेटीपाशी चांगलं कळलं होतं, आणि तरी मी तीच पेटी सोलापुरात मांडून बसले होते. मला माझी लाज वाटली.

तिघांचे कागद तिघांच्या हातात दिले. सोनाबाईनं कार्ड पिशवीत टाकलं आणि म्हणाली, उद्या जाऊन येऊ का? मी म्हटलं, विचारू नकोस, सांग. "मग सांगते. उद्या चालले," असं म्हणून ती खरंच गेली.

आठवडाभर तिच्या वाट्याचं पाणी मी घातलं. कंबर धरली. ती परत येईल की नाही, ही धाकधूक वेगळीच. आठव्या दिवशी ती हुलग्यांची पिशवी आणि नातीचे फोटो घेऊन हजर झाली. फॉर्म मी नव्यानं भरला होता. तो तपासायला कंपनीचा माणूस आला आणि त्यानं सोनाबाईला विचारलं, तुमचे कागद कोणाकडे असतात?

"माज्याकडं."

दाखवा, तो म्हणाला.

"गावाला ठिवून आले. हितं कशाला लागत्यात? मी हाय की."

त्यानं फॉर्मवरचा प्रश्न पुन्हा एकदा वाचला आणि खूण केली. काम मिळालं. शिवप्पांनीही सगळ्यांची कार्डं वाटून टाकली. त्यांच्या डब्यात आता बिस्किटं असतात.

त्या दिवशी मी आप्पांना फोन लावला आणि माझं प्रमाणपत्र मागितलं. धंदा सुरू केल्यापासून पहिल्यांदाच. पलीकडं आप्पा आधी खोकले.

"ते कवाच वाळवीनं खाल्लं," आप्पा म्हणाले. "तुला बोललो न्हाय. म्हटलं, यायची थांबशील."

मला हसू आलं आणि रडूही आलं. इतकी वर्षं दर पंचमीला, दर दिवाळीला मी जेऊरला जात होते आणि पेटीत मला अडकवणारं काहीच नव्हतं.

"आप्पा, शनिवारी येते," मी म्हटलं. "विचारत नाही, सांगते."