शिवणीतला काळा भुगा आणि आमचे नाना

शांताराम नाना मिस्तरींची आणि माझी ओळख एका बिघडलेल्या चौरंगावर झाली, आणि तो बिघडवला मीच होता. धुळ्याला त्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला लागले, त्याला तीस वर्षं झाली. पहिल्याच दिवशी पुढ्यात चौरंग आला. मधे फिकट शिवणीचं लाकूड, कडेने काळपट शिसवाची पट्टी. घासताना शिसवाचा भुगा शिवणीच्या रेषांत बसला होता. धूळ दिसली की ओलं फडकं, एवढंच मला ठाऊक. स्पिरिटमध्ये बुडवून पुसलं. शिसवाचा रंग सुटला आणि शिवण जांभळट झाली.

नाना रागावले नाहीत. म्हणाले, "अक्का, धुणं-पुसणं घर. आठे बठ्ठं कोरडं काम शे." म्हणजे इथे सगळं कोरडं.

मग त्यांनी शिकवलं. आधी फक्त शिवणीवर लाखेच्या पातळ पॉलिशचे दोन हात द्यायचे, म्हणजे तिच्या रेषांची तोंडं बंद होतात. मग घासायचं. तरी भुगा शिरलाच तर कोरडा ब्रश, तोही रेषेच्या बाजूने, आडवा नाही. डाग खोल गेला तर पात्याने खरवडायचं. तो चौरंग मी दोन दिवस खरवडला. पुढे माझं मनगट मोडलं तेव्हा महिनाभर माझ्या वाटचं खरवडणं नानांनी केलं आणि गिऱ्हाइकाला सांगत राहिले, "हे अक्कांचं काम आहे." असे ते आहेत. म्हणूनच माझं डोकं फिरतं.

ही गोष्ट मागच्या वर्षीची. नानांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता. मंगळवारची ऑपरेशनची तारीख मी रांगेत उभी राहून घेतली होती. शनिवारी जळगावहून प्रकाशचा फोन आला. प्रकाश नानांचा शिष्य, आता मोठा ठेकेदार. एका व्यापाऱ्याच्या देव्हाऱ्याची दारं होती, शिवणीच्या फळीत शिसवाची वेल. याने लाखेचा हात न देता वरून घासायचं मशीन फिरवलं आणि मग स्पिरिटने पुसलं. माझी पहिल्या दिवसाची चूक, आणि हा म्हणे उस्ताद. वास्तुशांत सहा दिवसांवर.

आम्ही रविवारी जळगावला गेलो. दारं बघून नाना खाली बसले.

प्रकाश म्हणाला, "नाना, वरून डार्क पॉलिश मारून देतो. कोणाला कळणार आहे?"

"माले तर कळी ना," नाना म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, मंगळवार?"

"पुढला आठवडामाबी मंगळवार येस, अक्का."

"आणि याला काही बोलणार नाही?"

"शिकी जाई तो."

पंचेचाळीस वर्षांचा घोडा, आता काय शिकणार? पाच दिवस नाना दारावर डोळा टेकवून बसले. सायकलच्या पंपाने वेलीच्या एकेका पानाजवळ हवा मारली, दात घासायच्या ब्रशने भुगा काढला, नखाएवढ्या पात्याने डाग खरवडला. दारं दुधासारखी निघाली. गिऱ्हाईक प्रकाशच्या पाया पडलं. प्रकाशने पडू दिलं.

पुढच्या मंगळवारी दुसऱ्या शिष्याचं काम आलं, मग तिसऱ्याचं. वर्ष गेलं. आता डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू दगडासारखा झाला आहे, आणखी थांबलात तर डोळ्याची खात्री देणार नाही. नानांना त्या डोळ्याने खिडकीचा उजेड तेवढा कळतो, शिवण कुठली आणि शिसव कुठलं ते कळत नाही.

नानांच्या सत्काराच्या या अंकात पहिला लेख प्रकाशचा आहे. नानांच्या हातांविषयी पानभर लिहिलं आहे. डोळ्यांविषयी एक ओळ नाही. बाकीच्या शिष्यांनी शाल ठरवली, मोठा फोटो ठरवला. दवाखान्यात कोण थांबणार, हे विचारल्यावर सगळ्यांच्या साइट चालू होत्या. नानांवरही माझा राग कमी नाही. दुसऱ्याने घातलेली घाण काढण्यात स्वतःचा डोळा घालवायचा, याला मी मोठेपणा म्हणत नाही.

नानांना भरपूर आयुष्य मिळो, हातपाय चालते राहोत, आणि जेवढं जगतील तेवढं दोन्ही डोळ्यांनी बघोत, हे माझं मागणं. सत्कार रविवारी आहे, ऑपरेशन मंगळवारी. कारखान्याची किल्ली मी काढून घेतली आहे. नानांनी दोनदा मागितली, दिली नाही. डॉक्टर नानांना कामाला हो म्हणतील तोवर ज्याच्या शिवणीत भुगा जाईल त्याने दार घेऊन माझ्या घरी यावं. काढून मी देईन. शिव्याही मीच देईन.