दिवस न मावळणारा देश

नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या बोरमाळ गावात दिवस मावळायच्या आत घरी परतायचं, असा नियम होता. तो कुणी घातला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण गुरं तो पाळायची, कोंबड्या पाळायच्या आणि पोरंसोरंही पाळायची. उन्हं कलली की घराघरातून एकेक बाई अंगणात यायची आणि आपापल्या पोराच्या नावानं हाळी द्यायची. रंगुबाईची हाळी सगळ्यांत लांब जायची, कारण तिचा गहिनीनाथ सगळ्यांत लांब गेलेला असायचा.

पायाला भिंगरीच होती त्याच्या. कधी ओढ्यापलीकडच्या टेकाडावर, कधी उगाचच राशीनला जाणाऱ्या एस.टी.च्या मागं धावत. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना, म्हणून रंगुबाईनं गहिनीनाथ देवाला नवस केला होता. देवानं पोर दिलं, आपलं नावही दिलं, पण त्याला एका जागी बसवून द्यायचं तेवढं राहून गेलं, असं ती म्हणायची. नवरा कारभारी यावर काही बोलत नसे. तो मुळात कशावरच काही बोलत नसे. बैलांशी बोलून जे उरायचं तेवढंच घरात आणायचा.

गहिनीनाथाचं डोकं खरं फिरलं ते कर्जतच्या शाळेत, भूगोलाच्या तासाला. सरांनी खिडक्या लावून घेतल्या, टेबलावर कंदील ठेवला, एका लिंबात दाभण खुपसलं आणि ते लिंबू कंदिलाकडं जरा कलतं धरून जागच्या जागी फिरवलं. निम्मा वर्ग अंधार मिळाला म्हणून झोपला. उरलेल्यांचा डोळा लिंबावर होता, कारण तास संपला की ते मीठ लावून चाटायला मिळायचं. सर सांगत होते की लिंबाचं हे वरचं टोक बघा, कसंही फिरवलं तरी उजेडातच राहतं. तिथं नॉर्वे नावाचा देश आहे. त्याच्या उत्तरेला उन्हाळ्यात दोन-दोन महिने सूर्य मावळत नाही.

गहिनीनाथ उभा राहिला. त्यानं विचारलं, "मग सर, तिथली पोरं घरी कवा जात्यात?"

झोपलेलेसुद्धा हसत जागे झाले. सरही हसले, पण उत्तर काही त्यांना देता आलं नाही. गहिनीनाथाला मात्र वाटलं की उत्तर त्याला कळलंय. जात नसतील. कुणी हाळीच देत नसेल. नुसता उजेड, आणि पुढं रस्ता.

त्या दिवसापासून गावात त्याचं नाव नॉर्वेकर पडलं. ठेवलं ते सहादेवानं. सहादेवाचं पारापाशी चहाचं दुकान होतं आणि गावातल्या प्रत्येकाला एक जादा नाव पुरवण्याचं काम तो चहाबरोबर फुकट करायचा. "काय नॉर्वेकर, कवा निघायचं?" असं तो रोज विचारायचा आणि गहिनीनाथ रोज मान खाली घालून जायचा. लोकांना वाटायचं, पोरगं लाजलं. ते लाजायचं नाही. ते खरंच हिशेब करत असायचं.

मॅट्रिक झाला. भूगोल घोड्यावर बसून पास झाला, गणित त्याचं शेपूट धरून. नोकरीचं काही जमेपर्यंत बापानं हातात गोफण दिली आणि ज्वारीच्या राखणीला बसवलं. शेताच्या मधोमध चार मेढी रोवून, वर फळ्या टाकून माळा बांधलेला होता. दीड माणूस उंच. त्यावर बसायचं, पाखरांवर नजर ठेवायची, थवा उतरला की हुर्र म्हणून गोफण फिरवायची. सत्तर साल सरत आलं होतं. कणसात नुकतं दूध भरत होतं.

कामच असं की माणसाला बिघडवून ठेवावं. माळ्यावरून सगळं शिवार दिसायचं. वारा सुटला की ज्वारीवरून लाट निघायची ती थेट बांधापर्यंत जायची, आणि बांधापाशी न थांबता पुढच्या शेतात शिरायची, तिथून पुढच्या. माळा हलायचा. गहिनीनाथानं समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळं हाच समुद्र असं मानायला त्याला काहीच अडचण आली नाही. दुपारी डोळे अर्धे मिटले की माळा सुटायचा. राशीनच्या देवळाच्या दीपमाळा मागं पडायच्या, भीमेचं पात्र मागं पडायचं, ऊन हळूहळू गार होत जायचं. मग एक बंदर लागायचं. तिथली माणसं गोरीपान, पण का कोण जाणे, बोलायची बोरमाळसारखंच. ती विचारायची, "आलास व्हय?" हा म्हणायचा, "आलो." घड्याळात रात्र आणि बाहेर लख्ख ऊन. त्या उन्हात तो चालत सुटायचा. तेवढ्यात चिमण्या कणसांवर उतरायच्या आणि लांबून कारभारी ओरडायचा. नॉर्वेपायी ज्वारीचं नुकसान नको म्हणून गहिनीनाथ घाईनं गोफण फिरवायचा.

हे नुसतं स्वप्नच असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण कर्जतच्या शाळेतला त्याचा दोस्त गोरक्ष, त्याचा मामा मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर स्वयंपाकी होता. त्यानं निरोप दिला होता की पोरानं पासपोर्ट तेवढा काढावा, भांडी घासायला मी लावून देतो. बोट कुठवर जाईल ते तिचं ती बघेल. गोरक्षाच्या मदतीनं गहिनीनाथानं पासपोर्टसाठी अर्ज करून टाकला. गावात सांगायची सोय नव्हती. सहादेवानं जगू दिलं नसतं. बापाला सांगून उपयोग नव्हता. आणि आईला सांगायचं तर तिच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं.

इथं बोरमाळची आणखी एक रीत सांगायला हवी. गावात खाकी कपडा दिसला आणि त्यानं कुणाचं नाव विचारलं की तो माणूस गावात नसतो. मग खाकीवाला समन्स घेऊन आलेला असो, लेव्हीची, म्हणजे सरकारी सक्तीची, ज्वारी मागायला असो, नाहीतर नसबंदीला माणूस शोधायला. यात भांडणतंटा आड येत नसे. ज्याच्याशी बांधावरून डोकी फोडली, त्यालाही खाकीपुढं झाकायचं, आणि खाकी गेली की पुन्हा बांधावर जायचं.

तर मार्गशीर्षातल्या एका दुपारी गहिनीनाथाला माळ्यावरून दिसलं की रस्त्यानं एक सायकल येतेय. मुंगीएवढी होती, मग मुंगळ्याएवढी झाली, गावात शिरली. पुष्कळ वेळानं ती परत मुंगी होऊन गेली. एवढ्या लांबून खाकी रंग धुळीत कळत नव्हता. आपलं नशीब सायकलवरून आलं आणि चहा पिऊन गेलं, हे त्याला कसं कळावं? तो त्या वेळी नॉर्वेत हुरडा मिळत असेल का, या विचारात होता.

पारापाशी झालं ते असं. हवालदारानं सायकल लावली आणि गहिनीनाथ कारभारी कुठं राहतो असं विचारलं. सहादेवानं फडकं खांद्यावर टाकलं आणि शांतपणे सांगितलं, "ह्या नावाचा आमच्याकडं देव हाय. मानूस न्हाई."

हवालदार म्हणाला, कागदावर पत्ता इथलाच आहे. पारावरची चार माणसं एकदम आठवायला लागली आणि कुणालाच काही आठवेना. कागद कसला ते विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण विचारलं तर ओळख निघते. तेवढ्यात पाण्याची घागर घेऊन लंकाबाई चालली होती. तिला वाटलं, गडी माणसांना खोटं नीट बोलता येत नाही. ती थांबून म्हणाली, "हुता बाबा एक. गेला."

"कुठं?"

"लांब," असं म्हणून तिनं पदर डोळ्यांना लावला.

हवालदार चांगला माणूस होता. त्यानं टोपी काढली, चहा प्याला. सहादेवानं चहाचे पैसे घेतले नाहीत. मग तो कर्जतला निघून गेला.

संध्याकाळी रंगुबाईची हाळी ऐकून गहिनीनाथ घराकडं निघाला, तर सहादेव पारावरून उठूनच आला. चेहऱ्यावर अख्ख्या गावाचा उपकार. पोलीस तुझ्या मागावर होता, काय भानगड केलीस ते आमी विचारनार न्हाई, पण गाव तुझ्या पाठीशी हाय, असं सगळं सांगून शेवटी म्हणाला, "लंकाकाकीनं तर तुला मारूनच टाकला. आता सात पिढ्या कोन यायचं न्हाई."

गहिनीनाथ मटकन खाली बसला. सहादेवाला वाटलं, उपकारानं गहिवरला. मग पोराच्या तोंडून पासपोर्टची हकिकत निघाली: पासपोर्ट देण्याआधी पोलीस गावात येऊन चौकशी करतो, माणूस खरंच आहे का, चांगला आहे का, एवढंच विचारतो. सहादेवाला पहिल्यांदाच कुणाला ठेवायला नाव सुचेना. "आरं, मग आदी सांगायचं न्हाईस व्हय," एवढंच तो म्हणाला, आणि ते खरंही होतं.

घरी जेवताना गहिनीनाथानं भाकरी नुसती कुस्करली. चुलीपुढं सगळं बाहेर आलं: नॉर्वे, बोट, अर्ज, आणि आपण आता कागदावर नसणार हेही. कारभारीनं हात धुतला आणि बैलांकडं गेला. रंगुबाईनं चुलीत लाकूड सारलं, आणि सारलेलंच पुन्हा सारलं.

पोराला वाटलं, झालं हिच्या मनासारखं. माळा आता काही सुटायचा नाही.

सकाळी रंगुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, फडक्यात भाकरी बांधून तयार. पोराला घेतलं आणि आधी पारावर गेली. सहादेव चहाला आधण ठेवत होता. त्याला म्हणाली, "दुकान झाक. ज्या तोंडानं न्हाई म्हनलास, त्याच तोंडानं हाय म्हन चल." सहादेवानं उकळी फुटायची वाटही बघितली नाही.

कर्जतच्या पोलीस ठाण्यात हवालदारानं वर बघितलं तर कालचा चहावाला उभा, सोबत एक बाई आणि एक तरणाबांड मेलेला मुलगा. सहादेवानं गावाची रीत सांगण्याचा प्रयत्न केला; ती ठाण्यात सांगण्यासारखी नाही हे त्याच्या मध्येच लक्षात आलं आणि तो खोकायला लागला. हवालदार हसू दाबत होता. कागद अजून नगरला गेलेला नव्हता. त्यानं गहिनीनाथाला आणि सहादेवाला बाहेर बाकावर बसवलं. दार मात्र उघडंच होतं.

मग तो रंगुबाईला म्हणाला, "मावशी, तुम्हाला माहिती आहे ना, हे कशासाठी चाललंय? आहे म्हणून लिहिलं तर पोरगा जाईल. सातासमुद्रापलीकडं. नाही म्हणून राहू दिलं, तर तुमच्यापाशी राहील. मला दोन्ही सारखंच. सांगा, काय लिहू?"

बाहेर गहिनीनाथ बाकाच्या टोकाला सरकला. त्याला आईची पाठ दिसत होती आणि मुठीत धरलेला पदराचा शेव. तो शेव ती पिळत होती, जणू पाण्यातून काढलाय. कुणीतरी बाहेरून जाताना सहादेवाला ओळख दिली, आणि सहादेवानं आयुष्यात पहिल्यांदा ती घेतली नाही.

"हाय म्हनून लिवा," रंगुबाई म्हणाली. "देवाकडं मागून घेतलाय. हाय त्याला न्हाई कसं म्हनू?"

परतताना एस.टी.त ती खिडकीपाशी बसली. सहादेव मागच्या बाकावरून दोन वेळा काहीतरी बोलायला गेला आणि दोन्ही वेळा त्यानं स्वतःलाच आवरलं.

पासपोर्ट आला तेव्हा माघ लागला होता आणि कणसं टणक झाली होती. अख्ख्या गावानं तो हाताळला. लंकाबाईनं त्यातल्या फोटोवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली आणि आपण मारलेल्याला उदंड आयुष्य दिलं. सहादेवानं विचारायचं सोडून दिलं होतं. आता तो नुसतं "नॉर्वेकर" म्हणायचा, आणि त्यात थट्टा राहिली नव्हती. आडनाव असावं तसं झालं होतं. कारभारीनं पासपोर्ट उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि गोठ्यात गेला. त्या रात्री तो बैलांशी जरा जास्तच वेळ बोलत होता.

निघायच्या आदल्या दिवशी गहिनीनाथ राखणीला गेला. कुणी जा म्हटलं नव्हतं. उन्हं कलली तरी आईची हाळी आली नाही. त्याला चमत्कारिक वाटलं. एवढ्यात खालची ज्वारी सळसळली आणि मेढीला धरून रंगुबाई वर चढायला लागली. शेत तिचं होतं, माळ्याची रस्सी तिनं वळलेली होती, पण वर ती कधी चढलेली नव्हती. बायामाणसं खालूनच भाकरी द्यायची. त्यानं हात दिला. ती फळीवर पाय मुडपून बसली, डोक्यावरचा पदर सावरला आणि समोर बघत राहिली.

वारा सुटला. लाट निघाली, बांधावर गेली, बांधापलीकडं गेली. माळा हलला.

रंगुबाई म्हणाली, "येवढं लांबचं दिसतं व्हय रं हितनं?"

"व्हय."

"मग तुझं काय चुकलं न्हाई." सूर्य टेकाडाला टेकला होता, लाल, फुगलेला. तो पुरता बुडेपर्यंत तिनं डोळा हलवला नाही. मग विचारलं, "तिथं दिस मावळत न्हाई म्हनतोस. मग घरी यायाचं तुला कळायचं कसं?"

शाळेत गहिनीनाथानं हाच प्रश्न विचारला होता आणि वर्ग हसला होता. उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं. आता ते तोंडातून निघेना.

अंधारून येताना उशिरानं परतणारा एक थवा कणसांवर उतरला. पोराच्या ते ध्यानातच आलं नाही. रंगुबाईनं त्याच्या मांडीवरची गोफण उचलली, दगडाचा गुंडा घातला, बसल्या बसल्याच एकदा फिरवली आणि सोडली.

"हुर्रऽऽ," ती ओरडली. तिची हाळी सगळ्यांत लांब जायची. त्या दिवशी ती अख्ख्या शिवारावरून गेली, आणि बांधापाशी थांबली नाही.