उखाण्यातली खिडकी

सुनेच्या पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकू केलं. लालबागच्या आमच्या खोलीत बायका मावेनात, अर्ध्या गॅलरीत बसल्या. मुलगा आणि सून महिनाभर ओट्यापाशी कुजबुजत होते. ती दोघं इथेच राहणार की वेगळं घर करणार, एवढंच मला कळायला हवं होतं. विचारलं असतं तर अडवतेय असं वाटलं असतं, म्हणून गप्प होते.

"नाव घे गं," सगळ्या ओरडल्या. हलव्याचे दागिने सावरत तिने घेतलं:

पूर्वेच्या खिडकीत तुळशीची कुंडी,
...रावांचं नाव घेते, पळून गेली थंडी.

टाळ्या पडल्या. विषय तिथेच संपायचा. पण समोरच्या खोलीतल्या, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाई तिळगूळ हातात धरून म्हणाल्या, "थांबा. थंडी कसली?"

"थंडी म्हणजे थंडी, बाई," एकजण म्हणाली.

"कवितेत तसं नसतं. पळून गेली म्हणजे आधी होती."

"सासूने पांघरूण दिलं नसेल," शेजारच्या वहिनी म्हणाल्या.

"दोन रजया दिल्यात!" मी म्हटलं. माझं कुणी ऐकलं नाही, रसग्रहण चालू होतं.

मग बाईंनी तुळशीचा अर्थ लावायला घेतला. तुळस म्हणजे मुळं धरणं, मुलगी इथेच राहणार. मला बरं वाटलं. लगेच गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, "कुंडीतली आहे ना, उचलून नेता येते."

"पण पूर्वेला खिडकी कुठाय यांच्याकडे?" बाईंनी विचारलं.

"कपाटामागे आहे की," वहिनी म्हणाल्या. "माझ्या लग्नाच्या वेळी उघडी होती."

बाई म्हणाल्या, पुरावा बघितल्याशिवाय अर्थ लावू नये. चौघींनी पदर खोचले, वाणाचे डबे पलंगावर फेकले आणि लोखंडी कपाट ओढलं. खरंच खिडकी निघाली. उघडली तर हातभरावर पलीकडच्या इमारतीची भिंत. कपाट आता दारात अडकलं होतं. आतल्या बायका आत, गॅलरीतल्या बाहेर.

"हिला सासूचं कपाट हलवायचं होतं," बाईंनी निकाल दिला. "म्हणजे राहणार."

सून इतका वेळ ताट धरून उभी होती. ती माझ्याकडे वळली. "आई, ही खिडकी मला माहीतच नव्हती. आम्ही डोंबिवलीला एक फ्लॅट बघितलाय. तिथली डोळ्यांसमोर होती."

कपाटापलीकडून कुणीतरी विचारलं, "काय म्हणाली गं?"

मी तिच्या हातातलं ताट घेतलं. "पाणी किती वेळ येतं तिथे, विचारलंत का?"

"नाही."

"मग रविवारी मी येते बघायला."