गुरुवारी जाणारा मिक्सर

रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की नीलकंठ ओट्याच्या कोपऱ्यातला सात वर्षांपूर्वी पुण्याहून आणलेला मिक्सर भांडं न लावताच चालू करायचा आणि लगेच बंद करायचा. दमलेल्या माणसानं हुंकार द्यावा तसा आवाज यायचा.

"नाडी बघून झाली?" सुचेता, त्याची बायको, विचारायची.

"आहे अजून."

"असू दे. गुरुवारी जाणार आहे तो."

जपानात, सेंदाईला विजेचा दाब पुण्याच्या निम्म्याहून कमी. तिकडे सुकं खोबरं भुगा करणारा मिक्सर इथे कोथिंबिरीपुढे हात टेकायचा. ट्रान्सफॉर्मर जोडला की पूर्वीसारखा गर्जायचा, पण तो विटेएवढा डबा ओटा अडवून बसे. शेवटी सुचेताने जपानी मिक्सर घेतला, कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा तो तक्ता पाहिला आणि जुन्यावर 'गुरुवार' अशी चिठ्ठी डकवली. असे चार गुरुवार गेले होते.

नीलकंठ विद्यापीठात धातूंचे पातळ थर बनवायचा. त्यासाठी पोलादी निर्वात डबा लागतो, आणि त्या डब्याला सात नळ्या जोडायच्या राहिल्या होत्या. सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी प्रयोग संपला. कंत्राट मार्चअखेर संपत होतं आणि वर्कशॉपमध्ये तीन महिन्यांची रांग होती. डिसेंबरात तो वर्कशॉप सांभाळणाऱ्या सुगावारा-सानांपुढे जाऊन वाकला आणि म्हणाला, "मीच वेल्डिंग केलं तर?"

सुगावारा-सानांनी टंगस्टनची एक काडी त्याच्या हातात ठेवली. टिग वेल्डिंगमध्ये ज्योत याच काडीच्या टोकातून निघते. टोक वाकडं तर ज्योत वाकडी.

"आधी हिला घासून टोक काढून आणा."

"तुमच्या धार लावायच्या चाकावर काढू?"

"माझ्या चाकावर मी काढतो. इथे शिकणारा आपलं हत्यार आपण बनवतो. मी बनवलं, माझ्या गुरूंनी बनवलं. तुमचं तुम्ही बनवा, नीरु-सान." नीलकंठला ते असंच म्हणायचे.

त्या बुधवारी मिक्सरवरची चिठ्ठी निघाली.

बाल्कनीत काम सुरू झालं. मिक्सरच्या दांड्यावर हिऱ्याची भुकटी लावलेली छोटी चकती बसली. लाकडी ठोकळ्याला तिरकं भोक पाडलं, म्हणजे काडी रोज त्याच कोनात चकतीला टेकेल आणि ओरखडे लांबीच्या दिशेने उमटतील. भोवती पत्र्याचं झाकण, खाली धूळ धरायला ओला स्पंज. तोंडाला मास्क लावून नीलकंठ त्यापुढे बसला की दहा वर्षांची लेक मैत्रेयी दार लावून घ्यायची आणि आतून ओरडायची, "उरुसाइ!" गोंगाट नको, इतका अर्थ तिच्या आवाजातच होता.

गोंगाट खराच होता, कारण नीलकंठने ट्रान्सफॉर्मर जोडला होता.

"हळू चालतो म्हणूनच टाकत होते ना मी त्याला?" सुचेता म्हणाली.

"म्हणून तर. त्याला एकदा पूर्ण ताकदीने पळू दे. पुण्याचा आहे."

"पुण्याचा आहे म्हणून आवाज जास्त आहे."

पहिल्या दहा काड्या तो रुमालात गुंडाळून घेऊन गेला. सुगावारा-सानांनी एकेक भिंगाखाली धरली. टोकांवर निळसर झाक होती, कडांचे टवके उडाले होते. त्यांनी एक काडी वेल्डिंगच्या टॉर्चमध्ये बसवून ज्योत पेटवली. ती पाय घसरल्यासारखी डावीकडे गेली, मग उजवीकडे.

"घाई कोणाला होती?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला की यंत्राला?"

नीलकंठ घरी आला, बूट काढून तसाच दारात उभा राहिला. जानेवारी निम्मा सरला होता. पुन्हा रांगेत नाव घातलं तर एप्रिल उजाडणार.

"काय झालं?" सुचेताने विचारलं.

"जळली टोकं. फार वेग होता."

ती उठली, बाल्कनीत गेली आणि ट्रान्सफॉर्मरची वायर काढून मिक्सर सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावला. तोच सकाळचा हुंकार आला. तिने टंगस्टनची काडी त्याच्या हातात दिली. "घे. सात वर्षं याला कोथिंबीर वाटता आली नाही, ती यासाठीच असेल."

चकती सावकाश फिरत राहिली. काडी तापत नव्हती. मैत्रेयीने दार किलकिलं केलं, ऐकलं, आणि उघडंच ठेवलं.

यावेळी सुगावारा-सानांनी भिंग दोनदा पुसलं. ज्योत पेटली ती घंटेसारखी पसरट आणि स्थिर. त्यांनी टॉर्च नीलकंठच्या हातात दिला आणि स्वतः मागे स्टुलावर जाऊन बसले. हात बसायला महिना गेला, पण सातही नळ्या त्यानेच जोडल्या. सहावी दोनदा उकलावी लागली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात डब्यातली हवा काढली, दाबाचा काटा खाली गेला आणि खालीच राहिला.

मिक्सर आता वर्कशॉपमध्ये ठेवायचा ठरला. सुगावारा-सानांनी त्यावर नीलकंठच्या नावाची पट्टी लावली, शेजारी ट्रान्सफॉर्मरही नीट मांडला.

निघण्याच्या दिवशी सुगावारा-सान निरोप द्यायला सेंदाई स्टेशनवर आले. बॅगा आत गेल्या, वाकून निरोप झाले, सुचेता आणि मैत्रेयी खिडकीशी बसल्या. शिट्टी झाली तेव्हा नीलकंठ अजून गाडीच्या दारातच उभा होता.

"सुगावारा-सान," तो म्हणाला, "तो ट्रान्सफॉर्मर मिक्सरच्या शेजारी ठेवू नका. कुणीतरी जोडेल."